जॉन अ‍ॅलन: तळघरात आख्खी रेल्वे चालवणारा माणूस

मुंबईहून रत्नागिरीला रेल्वेने येणाऱ्या प्रत्येकाला एक शब्द पाठ असतो: क्रॉसिंग. गाडी मस्त पळत असते आणि अचानक उक्षी नाहीतर भोके स्टेशनात जाऊन उभी राहते. ना गर्दी, ना चहावाला. पंधरा मिनिटांनी समोरून दुसरी गाडी धडधडत निघून जाते, मग आपली हलते. तोवर आपण मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो, आणि नेटवर्क गेलं की रेल्वेच्या नावाने बोटं मोडतो.

आता गंमत बघा. जगात असे लोक आहेत जे हे क्रॉसिंगसाठी थांबणं हौसेने करतात. खेळण्यातली नव्हे, पण आकाराने खेळण्याएवढीच रेल्वे घरात बांधायची, तिला टाइमटेबल द्यायचं, स्टेशन मास्तर नेमायचे, आणि शनिवारी संध्याकाळी चार मित्र बोलावून ती रेल्वे खऱ्यासारखी चालवायची. याला म्हणतात ऑपरेटिंग सेशन. या छंदातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे अमेरिकेचा जॉन अ‍ॅलन. त्याला जाऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली, तरी मॉडेल रेल्वेवाल्यांत त्याचं नाव अजून रोज निघतं. आज त्याचीच गोष्ट.

आधी हे सेशन म्हणजे काय ते समजून घेऊ

पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे, भाऊ जोशींनी उभं केलेलं, १९९८ पासून सुरू असलेलं. शाळेच्या सहलीत तुमच्यापैकी कोणी गेलं असेल. तिथे शो असतो: दिवे मंद होतात, गाड्या सुटतात, सिग्नल बदलतात, आपण बाहेर बसून बघतो. फार सुंदर प्रकार आहे, नक्की बघा. पण ऑपरेटिंग सेशनमध्ये बघे नसतात. खोलीत जो आला तो कामाला लागला. एक जण कंट्रोलर, एक जण यार्ड सांभाळणारा, बाकीचे ड्रायव्हर. प्रत्येकाच्या हातात कागद: तुझी मालगाडी अमुक वाजता सुटेल, मधल्या स्टेशनात दोन वॅगन सोड, एक रिकामी उचल, आणि एक्सप्रेस यायच्या आत लूप लाइनला लाग. (आपल्याकडे जुने रेल्वेवाले वॅगनला वाघीण म्हणतात. शब्द मस्त आहे, पण इथे वॅगनच लिहितो.)

कोकण रेल्वेचं उदाहरण घेतलं की हे पटकन कळतं. रोह्यापासून ठोकुरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाला, आणि अजूनही बहुतेक ठिकाणी एकेरी. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर त्यांना एकमेकींना ओलांडायची जागा फक्त स्टेशनात, कारण तिथेच दुसरी लाइन असते. म्हणून कंट्रोलरकडे एक चार्ट असतो: आडवी वेळ, उभी स्टेशनं, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. दोन रेघा जिथे छेदतात तिथे स्टेशन असलंच पाहिजे. नसेल तर एका गाडीला आधीच्या स्टेशनात थांबवायचं. तुमची गाडी उक्षीला उभी राहिली, म्हणजे चार्टवर कोणीतरी तुमची रेघ थोडी आडवी केली.

आता हाच चार्ट तळघरात आणा. कोणाचाही जीव धोक्यात नाही, पण डोक्याला ताप तितकाच. मजा इथेच आहे.

आजारी मुलगा

जॉन व्हिटबी अ‍ॅलन २ जुलै १९१३ रोजी अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या जॉप्लिन गावात जन्मला. लहानपणी त्याला ऱ्हुमॅटिक फीव्हर झाला. घशाच्या साध्या संसर्गातून सुरू होणारा हा आजार पुढे हृदयाच्या झडपांना धक्का लावतो. आज अँटिबायोटिकने घसा वेळेत बरा करता येतो. त्या काळी पेनिसिलिन औषध म्हणून आलेलंच नव्हतं. त्यामुळे जॉनचं हृदय कायमचं कमजोर राहिलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्याने आयुष्याचे जे निर्णय घेतले ते आपली वेळ मोजकी आहे हे माहीत असलेल्या माणसाचे वाटतात. निदान मला तरी तसं वाटतं.

मोठा झाल्यावर तो लॉस एंजेलिसमध्ये फोटोग्राफर झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत स्टुडिओचा धंदा चांगला चालला. हातात आलेला पैसा त्याने विचार करून गुंतवला, आणि १९४६ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, धंद्यातून बाहेर पडून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या मॉंटेरे गावी राहायला गेला. श्रीमंत नव्हता. लग्न केलं नाही, खर्च बेताचा ठेवला, आणि उरलेला वेळ एका गोष्टीला दिला. आजकाल लवकर रिटायर होण्यावर इतके रील्स निघतात. त्यातल्या किती जणांना रिटायर होऊन नेमकं काय करायचं हे माहीत असतं? जॉनला माहीत होतं.

रक्तबंबाळ आणि चारी मुंड्या चीत

त्याने आपल्या रेल्वेला नाव दिलं गॉरी अँड डिफीटेड. इंग्रजीत हे नाव गावांच्या नावासारखं वेगळ्याच स्पेलिंगने लिहिलेलं आहे, पण मोठ्याने वाचलं की अर्थ निघतो: रक्तबंबाळ आणि चारी मुंड्या चीत! डोंगररांगेचं नाव एकिनबॅक, म्हणजे ठणकणारी पाठ. टेबलाखाली वाकून वायरिंग केलेल्या कोणालाही हा विनोद कळेल.

पहिली गॉरी अँड डिफीटेड एका लहान पलंगाएवढी होती. मग तिला जोड देऊन मोठी केली. १९५० च्या दशकात त्याने मॉंटेरेमध्येच दुसरं घर घेतलं, आणि त्याच्या तळघरात तिसरी, सगळ्यात मोठी रेल्वे बांधायला घेतली. ती मूळ पलंगाएवढी रेल्वे त्याने टाकून दिली नाही. मोठ्या रेल्वेचा एक भाग म्हणून आत बसवली.

मॉडेलचं प्रमाण होतं एचओ, म्हणजे १:८७. खऱ्या रेल्वेचे ८७ मीटर म्हणजे मॉडेलवर एक मीटर. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आहे. एचओमध्ये तो साधारण ७४ सेंटिमीटर होईल, तुमच्या स्टडी टेबलाएवढा. हे जमण्यासारखं आहे. पण भोके आणि उक्षीच्या मधला करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा. तो एचओमध्ये बांधायचा तर सुमारे ७५ मीटर लांबीची खोली लागेल! म्हणजे मॉडेल रेल्वेत उंची मिळते, रुंदी मिळते, पण अंतर कधीच मिळत नाही. जॉनच्या बहुतेक युक्त्या या एकाच अडचणीतून निघाल्या.

त्याने डोंगर छतापर्यंत चढवले आणि दऱ्या थेट जमिनीपर्यंत उतरवल्या. त्यामुळे बघणारा टेबलासमोर नाही तर दरीत उभा आहे असं वाटे. पुढच्या भागात मोठ्या प्रमाणातली मॉडेल्स, मागे लहान, म्हणजे मागचं गाव लांब वाटणार. काही ठिकाणी आरसे लपवले, की रस्ता पुढे जातच राहिला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याने गाड्या मळवल्या. तेव्हा लोक मॉडेल इंजिन शोकेसमधल्या भांड्यासारखं चकचकीत ठेवायचे. जॉनने त्यावर काजळी, गंज, धूळ, पावसाचे ओघळ रंगवले. खरी रेल्वे अशीच दिसते ना. आज याला वेदरिंग म्हणतात आणि गेम डिझायनर लोक थ्रीडी मॉडेलवर नेमकं हेच करतात.

तो मुळात फोटोग्राफर, त्यामुळे या सगळ्याचे फोटोही त्यानेच काढले. इथे एक टेक्निकल गोष्ट समजून घ्या. लहान वस्तूचा जवळून फोटो काढला की थोडाच भाग फोकसमध्ये येतो, बाकी धूसर होतं, आणि फोटो बघताक्षणी कळतं की हे खेळणं आहे. जॉन कॅमेऱ्याचं छिद्र अगदी बारीक करायचा आणि एक्सपोजर खूप लांबवायचा. छिद्र बारीक असलं की पुढचं-मागचं सगळं स्पष्ट येतं. तुमच्या फोनचा सेन्सर नखाएवढा असल्याने त्याला हे बऱ्यापैकी आपोआप जमतं. म्हणूनच पोर्ट्रेट मोडमध्ये धूसरपणा सॉफ्टवेअरने खोटा आणावा लागतो. जॉनचे फोटो मॉडेल रेल्वेच्या मासिकांत आणि व्हार्नी कंपनीच्या जाहिरातींत छापून येऊ लागले. मॉंटेरेचा जादूगार हे नाव त्याला तेव्हापासून चिकटलं.

आणि हो, डायनासोर. त्याच्या ताफ्यात १३ नंबरचं इंजिन म्हणजे एमा नावाचा स्टेगोसॉरस होता, जो वॅगन ओढायचा. इतकी खरी वाटणारी रेल्वे बांधणाऱ्या माणसाने मध्येच डायनासोर का आणला? माझा अंदाज असा की पाहुणे फार गंभीर होऊ नयेत म्हणून.

पण गाडी चालली पाहिजे

फोटो बघून बहुतेकांना वाटतं की जॉन म्हणजे डोंगर आणि पूल. त्याचं स्वतःचं मत वेगळं होतं. देखावा हा पडदा, खरं नाटक म्हणजे गाड्या चालवणं. ही नाटकाची कल्पना त्याच्या आधी न्यू ऑर्लिन्सच्या फ्रँक एलिसनने मांडली होती. १९४४ मध्ये एलिसनने मॉडेल रेलरोडर मासिकात लेखमाला लिहून सांगितलं की मॉडेल रेल्वे म्हणजे रंगमंच, गाड्या म्हणजे नट आणि टाइमटेबल म्हणजे कथानक. जॉनने ते कथानक आपल्या तळघरात वर्षानुवर्षं चालवलं. ठरावीक मित्र यायचे, आपापल्या जागी उभे राहायचे, आणि सेशन सुरू.

या सेशनचं हृदय म्हणजे फास्ट क्लॉक. अंतर ८७ पट कमी झालं, पण घड्याळ तेच राहिलं तर दोन स्टेशनांमधला प्रवास काही सेकंदांत संपतो आणि टाइमटेबल हास्यास्पद होतं. मग घड्याळच पळवायचं. समजा घड्याळ बारापट वेगाने धावतंय, तर पाच मिनिटांत एक तास आणि दोन तासांत पूर्ण दिवस. रात्रीची कोकणकन्या आणि सकाळची मांडवी एकाच संध्याकाळी! ऐकायला सोपं वाटतं. पण मालगाडीतून दोन वॅगन काढायला लागणारा खरा वेळ काही कमी होत नाही. सहा मिनिटं खरी गेली, तर घड्याळात सव्वा तास जवळजवळ संपतो आणि मागची एक्सप्रेस सिग्नलला उभी. घाम फुटतो तो इथे.

कंट्रोलचं तंत्रही आजच्यापेक्षा फार वेगळं होतं. त्या काळी वीज रुळांतूनच जायची आणि व्होल्टेज कमी-जास्त करून वेग ठरायचा. एकाच रुळावर दोन इंजिनं असली तर दोन्ही एकदम पळणार. म्हणून मार्गाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला वेगळा स्विच, आणि गाडी पुढे जाईल तसे स्विच बदलत जायचे. एक स्विच विसरला की आपली गाडी थांबते किंवा दुसऱ्याचीच चालू लागते. आता प्रत्येक इंजिनात चिप असते आणि तिला स्वतःचा नंबर असतो, फोनला सिम असतं तसा. रुळांतून संदेश जातो: ४२ नंबर, हळू चल. बाकीची इंजिनं ऐकून सोडून देतात. संगणकावर जेएमआरआय हे फुकट सॉफ्टवेअर लावलं तर अँड्रॉइड फोनवरचं इंजिन ड्रायव्हर अ‍ॅप वायफायवरून थेट कंट्रोलर बनतं.

जाता जाता: एमआयटी विद्यापीठातही १९४६-४७ च्या सुमारास मॉडेल रेल्वे क्लब सुरू झाला होता. तिथली पोरं जुन्या टेलिफोनच्या रिले वापरून हे स्विच आपोआप बदलायची यंत्रणा बनवत बसायची. त्याच क्लबमधली मंडळी पुढे संगणकाकडे वळली, १९६२ चा स्पेसवॉर हा गेम त्यांच्याच वर्तुळात तयार झाला, आणि हॅक या शब्दाला आजचा अर्थ द्यायलाही हाच क्लब कारणीभूत. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

शेवटचं कोडं

१९७२ च्या नोव्हेंबरमध्ये मॉडेल रेलरोडरमध्ये जॉनचं टाइमसेव्हर हे कोडं छापून आलं. एका फळीवर मावेल एवढा मार्ग, पाच सांधे, आखूड साइडिंग, एक इंजिन आणि थोड्या वॅगन. प्रत्येक वॅगन ठरलेल्या जागी पोचवायची, घड्याळ लावून. जागा इतकी कमी ठेवलेली की एक वॅगन हलवायला आधी दोन बाजूला कराव्या लागतात. खऱ्या रेल्वेतले लोक या कोड्यावर नाक मुरडतात, आणि त्यांचं बरोबर आहे. असं अडचणीचं यार्ड कोणी शहाणा माणूस मुद्दाम बांधणार नाही. पण शंटिंग म्हणजे काय हे अर्ध्या तासात शिकायचं असेल तर याच्याइतकं चांगलं साधन नाही. याचे मोबाइल आणि ब्राउझरवर चालणारे अवतारही निघाले आहेत.

टाइमसेव्हर अवघड वाटलं तर त्याचा इंग्लंडमधला सोपा भाऊ आहे, अ‍ॅलन राइटचं इंगलनुक साइडिंग. यासाठी रूळही लागत नाहीत. कागदावर तीन रेघा काढा, एका टोकाला जोडलेल्या. एका रेघेवर पाच काडेपेट्या मावतात, बाकी दोन्हींवर तीन-तीन. जोडलेल्या टोकाकडे इंजिन आणि तीन पेट्या एवढीच जागा. आठ पेट्यांना नंबर द्या, चिठ्ठ्या टाकून पाच नंबर काढा, आणि त्याच क्रमाने त्या लांब रेघेवर लावा. पेटी उचलायची नाही, फक्त ढकलायची आणि ओढायची. पाच पेट्यांच्या एकूण ६७२० वेगवेगळ्या रांगा होऊ शकतात (८×७×६×५×४), त्यामुळे कोडं लवकर शिळं होत नाही. उक्षीला गाडी थांबली आणि रेंज गेली की करून बघा.

जानेवारी १९७३

टाइमसेव्हर छापून आलं तेव्हा तळघरातली मोठी रेल्वेही जवळजवळ पुरी होत आली होती. जवळपास वीस वर्षं तो ती बांधत होता. मुख्य मार्गाचं शेवटचं टोक जुळायचं तेवढं राहिलं होतं. ते जुळलं की गाड्या पूर्ण मार्गावर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावल्या असत्या.

६ जानेवारी १९७३ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने जॉन गेला. वय ५९. ज्या हृदयाने लहानपणीच दगा दिला होता, त्याने इतकी वर्षं साथ दिली हेच नवल.

त्यानंतर दहाव्या दिवशी त्या घराला आग लागली. डोंगर, पूल, गावं, रंगवलेला गंज, आणि आत बसवलेली ती पहिली पलंगाएवढी रेल्वे, बहुतेक सगळं जळालं. जे मित्र दर सेशनला तिथे ड्रायव्हर म्हणून उभे राहायचे त्यांनी दोन आठवड्यांच्या आत आधी माणूस गमावला आणि मग रेल्वे. शेवटचा रूळ कोणी बसवायचा हा प्रश्नच उरला नाही.

उरले ते फोटो. जॉनने स्वतः काढलेले, आणि ते शेकड्यांनी होते. मॉडेल रेलरोडरचा संपादक लिन वेस्टकॉट याने ते जमवले, मित्रांकडून माहिती घेतली, मार्गाचे नकाशे काढले आणि जॉनवर मोठं पुस्तक तयार केलं. ते १९८१ मध्ये प्रसिद्ध झालं. वेस्टकॉटला ते छापून आलेलं बघता आलं नाही, तो आदल्या वर्षीच वारला. त्या नकाशांवरून आणि फोटोंवरून लोक आजही जॉनच्या रेल्वेचे तुकडे आपापल्या घरात बांधतात. बऱ्याच जणांच्या यार्डात एक स्टेगोसॉरसही असतो.